घरपट्टीच्या अपिलात संविधान कुठवर साथ देते?

न्यू जर्सीत ज्यांच्या नावावर घर आहे, त्यांना दरवर्षी १ फेब्रुवारीच्या सुमारास गावाच्या आकारणी कार्यालयाकडून एक पोस्टकार्ड येते. त्यावर जमिनीचे मूल्य, बांधकामाचे मूल्य, दोन्हींची बेरीज आणि मागच्या वर्षीचा कर एवढाच हिशेब असतो, आणि अपील कुठे व केव्हापर्यंत करायचे याची सूचना असते. पैशांची मागणी नसल्यामुळे बहुतेक घरांत ते कार्ड बाजूला पडते. उन्हाळ्यात वाढीव रकमेचे बिल हातात आले की मग चर्चा सुरू होते, शेजाऱ्यांच्या आकड्यांशी तुलना होते, आणि लक्षात येते की हरकत घेण्याची मुदत बहुतेक गावांत एप्रिलच्या आरंभीच संपून गेली आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनपासून टेक्सासातल्या डॅलसपर्यंत पसरलेल्या मराठी कुटुंबांत अशा वेळी एक प्रश्न हमखास निघतो: हा कर उघडउघड अन्यायाचा असेल तर तो घटनाबाह्य ठरत नाही का, आणि ठरत असेल तर सरळ फेडरल न्यायालयात, म्हणजे केंद्राच्या न्यायालयात, का जाऊ नये?

या प्रश्नाचे खरे उत्तर विचारणाऱ्याला सहसा रुचत नाही. तुमच्या घराचे मूल्य किती धरावे याविषयी अमेरिकेचे संविधान जवळजवळ काहीच सांगत नाही. तुम्हाला वेळेत कळवले का, तुमचे म्हणणे ऐकून घेतले का, ऐकणारा निःपक्ष होता का आणि चूक सिद्ध झाल्यास पैसे परत मिळण्याची खरीखुरी सोय आहे का, एवढेच ते विचारते. या चार गोष्टी नीट झाल्या की नाही हे पाहण्याचे काम मुख्यतः राज्याच्याच न्यायालयांकडे आहे. ही रचना मुळात समजूतदार आहे असे मला वाटते. पण ज्या ठिकाणी राज्याची अपिलाची वाट फक्त कागदावर असते, तिथे तिचे परिणाम अतिशय कठोर होतात, आणि ते बहुधा गरीब घरमालकांच्या वाट्याला येतात.

आकडा ठरतो कसा

अमेरिकेत घरावरचा कर केंद्र सरकार घेत नाही. तो काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग), नगरपालिका आणि शाळांचे जिल्हे (सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्था) यांच्यासाठी गोळा होतो, आणि त्याचा मोठा भाग सार्वजनिक शाळांवर खर्च होतो. स्थानिक आकारणी अधिकारी प्रत्येक मालमत्तेचे मूल्य ठरवतो, त्याला आकारणी म्हणायचे. त्या मूल्यावर स्थानिक संस्थांनी ठरवलेला दर लावला की कर निघतो. दरावर हरकत घ्यायची असेल तर अर्थसंकल्पाच्या सभेत जायचे असते किंवा निवडणुकीत मत द्यायचे असते. अपील होते ते फक्त आकारणीवर.

या अपिलाच्या पायऱ्या राज्याराज्यांत वेगळ्या असल्या तरी त्यांचा साचा सारखा आहे. पहिली पायरी म्हणजे स्थानिक किंवा काउंटीचे मंडळ, जिथे घरमालक वकिलाशिवाय स्वतः बोलू शकतो. त्यानंतर राज्याचे न्यायाधिकरण किंवा कर न्यायालय, आणि त्याच्यावर राज्याची नेहमीची अपील न्यायालये. न्यू जर्सीत काउंटीच्या कर मंडळाचे सदस्य गव्हर्नर नेमतो, आणि मंडळाच्या निर्णयावर १९७९ पासून अस्तित्वात असलेल्या राज्याच्या कर न्यायालयात दाद मागता येते. टेक्सासात मूल्यांकन जिल्ह्याच्या आढावा मंडळापुढे हरकत मांडायची असते, आणि त्यासाठीची मुदत साधारणपणे १५ मे किंवा नोटिशीपासून ३० दिवस, यांपैकी जी नंतरची असेल ती. पहिली पायरी चुकली की बहुतेक राज्यांत वरच्या सगळ्या पायऱ्या आपोआप बंद होतात. हा एक नियम ज्याला कळला, त्याला या विषयाचा निम्मा भाग कळला असे समजायला हरकत नाही.

चौदाव्या दुरुस्तीतील दोन तरतुदी

यादवी युद्धानंतर, १८६८ साली, अमेरिकी संविधानात चौदावी दुरुस्ती झाली. तिच्यातील दोन तरतुदी इथे कामाच्या आहेत. पहिली सांगते की कोणतेही राज्य रीतसर कायदेशीर प्रक्रियेविना कोणाचे जीवित, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता हिरावून घेणार नाही. हिलाच ड्यू प्रोसेस म्हणतात. दुसरी सांगते की कायद्याचे समान संरक्षण कोणालाही नाकारले जाणार नाही. कर म्हणजे मालमत्तेतून काढून घेतलेला पैसाच, त्यामुळे आकारणीच्या वादात या दोन्ही तरतुदी लागू पडतात.

भारतीय वाचकाला पहिली तरतूद नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांच्या जवळची वाटेल, आणि ते योग्यच आहे. आपल्या संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव यांनी अमेरिकेत न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांच्याशी चर्चा केली, आणि पुढे कलम २१ मध्ये ड्यू प्रोसेसऐवजी ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ असा मजकूर आला. १९७८ च्या मनेका गांधी निकालाने ती कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी असलीच पाहिजे असे ठरवून बरेचसे अंतर भरून काढले. अमेरिकेत मात्र हे तत्त्व घरपट्टीसारख्या रोजच्या व्यवहारात शंभरहून अधिक वर्षे तपासले जात आले आहे.

एकट्यावरचा बोजा आणि सगळ्यांवरचा बोजा

या विषयाचा पाया डेन्व्हर शहरातल्या दोन खटल्यांनी घातला. पहिला १९०८ चा, लंडनर विरुद्ध डेन्व्हर. रस्त्याच्या फरसबंदीचा खर्च शहराने लगतच्या मालमत्तांवर वाटला. मालकांना लेखी हरकती देण्याची मुभा होती, पण समोर येऊन बोलण्याची संधी मिळाली नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की एवढे पुरेसे नाही. कर कायम होण्याआधी मालकाला आपली बाजू तोंडी मांडता आली पाहिजे, मग ते बोलणे कितीही थोडक्यात असो, आणि गरज पडल्यास पुरावा देता आला पाहिजे, मग तो कितीही अनौपचारिक असो.

सात वर्षांनी, १९१५ साली, बाय-मेटॅलिक इन्व्हेस्टमेंट कंपनीचा खटला आला. कोलोरॅडोच्या राज्य मंडळाने डेन्व्हरमधल्या सर्व करपात्र मालमत्तांचे मूल्य एका आदेशाने ४० टक्क्यांनी वाढवले होते, आणि कोणालाही सुनावणी दिली नव्हती. लंडनर खटल्याच्या आधारे कंपनी जिंकेल असे कोणालाही वाटले असते, पण ती हरली. न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी लिहिले की जिथे नियम मोजक्या लोकांपुरता नसून सर्वांना लागू होतो, तिथे प्रत्येकाला वेगळी सुनावणी देणे व्यवहारात शक्य नाही. अशा वेळी लोकांचे संरक्षण त्यांच्या मतदानाच्या आणि राजकीय ताकदीत असते.

हा भेद गृहनिर्माण सोसायटीच्या सभासदाला पटकन कळेल. सर्वसाधारण सभेने सगळ्यांचा मासिक देखभाल आकार एकाच प्रमाणात वाढवला, तर प्रत्येक सभासदाला बोलावून स्वतंत्रपणे विचारण्याची गरज नसते; पटले नाही तर पुढच्या निवडणुकीत समिती बदलायची. पण तुमच्या स्नानगृहातून गळती झाली म्हणून दुरुस्तीचा खर्च एकट्या तुमच्या खात्यावर टाकला, तर आधी तुम्हाला बोलावलेच पाहिजे, कारण गळती कुठून झाली ही तुमच्या घरापुरती वस्तुस्थिती आहे आणि ती सभेच्या बहुमताने ठरू शकत नाही. म्हणूनच ‘संपूर्ण गावाचे फेरमूल्यांकन मला न विचारता केले’ ही तक्रार न्यायालयात टिकत नाही, आणि ‘माझ्या घराला तळघर नसताना ते धरून मूल्य लावले आणि मला दाखवूही दिले नाही’ ही तक्रार टिकते.

‘मग फेडरल न्यायालयात का जाता येत नाही?’

संविधान केंद्राचे, तर त्याचा भंग झाल्याची तक्रारही केंद्राच्या न्यायालयात व्हावी, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. करांच्या बाबतीत मात्र काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १९३७ साली टॅक्स इंजंक्शन ॲक्ट करून तो रस्ता बंद केला. राज्याच्या न्यायालयांत सरळ, जलद आणि परिणामकारक उपाय उपलब्ध असेल, तर राज्याच्या कायद्याखालील कराची आकारणी किंवा वसुली फेडरल जिल्हा न्यायालयांनी थांबवायची नाही, असा तो कायदा आहे. कारण समजण्यासारखे आहे: शाळा, पोलीस आणि अग्निशमन दल ज्या पैशावर चालते, तो पैसा दूरच्या न्यायालयाच्या एका आदेशाने अडकू नये.

१९८१ साली या कायद्याची कसोटी लागली. रोझवेल विरुद्ध लासाल नॅशनल बँक या खटल्यात इलिनॉयच्या पद्धतीला आव्हान होते. तिथे आधी पूर्ण कर ‘निषेध नोंदवून’ भरायचा, मग परताव्याचा दावा करायचा, साधारण दोन वर्षे थांबायचे, आणि जिंकल्यावर रक्कम बिनव्याजी परत घ्यायची. पाच विरुद्ध चार मतांनी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की हा उपायही कायद्याच्या दृष्टीने पुरेसा आहे. त्याच वर्षी मिसुरीतल्या एका खटल्यात न्यायालयाने आणखी एक दार लावले: नागरी हक्कांचा भंग झाला म्हणून फेडरल न्यायालयात नुकसानभरपाई मागायची असली, तरी राज्याचा उपाय पुरेसा असल्यास ते न्यायालय हात घालणार नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. फेडरल न्यायालयाने दावा काढून टाकला याचा अर्थ संविधानाचा हक्क संपला असा होत नाही. राज्याचे न्यायाधीशही अमेरिकी संविधानाला बांधील असतात, चौदाव्या दुरुस्तीचा मुद्दा त्यांच्यापुढे मांडता येतो, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला तर ९० दिवसांत थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज करता येतो. तो अर्ज क्वचितच दाखल करून घेतला जातो, हे खरे. पण त्यासाठी मुद्दा राज्याच्या न्यायालयांत आधी स्पष्टपणे मांडलेला असावा लागतो, आणि पुष्कळ प्रकरणे नेमकी इथेच अडकतात: मंडळापुढे फक्त ‘कर फार आहे’ असे म्हटलेले असते, आणि संविधानाची आठवण खूप उशिरा होते.

‘आधी भरा, मग भांडा’ हे न्याय्य आहे का?

सर्वोच्च न्यायालयाने १९३१ सालीच मान्य केले की सरकारी महसुलाच्या बाबतीत सुनावणी नंतर झाली तरी चालते, फक्त ती शेवटी झाली पाहिजे. पण १९९० च्या मॅकेसन खटल्यात न्यायालयाने या सवलतीची किंमत ठरवून दिली. तो दावा फ्लोरिडातल्या मद्यावरील कराचा असला तरी तत्त्व सगळ्या करांना लागू पडते. भरण्याआधी भांडण्याची संधी राज्याने दिली नसेल, तर नंतरचा उपाय अर्थपूर्ण असला पाहिजे, म्हणजे बेकायदा घेतलेली रक्कम परत करणे किंवा झालेला भेदभाव मागील काळापासून खरोखर पुसून टाकणे. १९९४ साली जॉर्जियाच्या एका प्रकरणात न्यायालयाने पुढे स्पष्ट केले की ‘आधी भरा, नंतर परतावा मागा’ असे सांगून माणसाला भरायला लावायचे आणि भरल्यावर परताव्याची सोयच काढून घ्यायची, असे राज्याला करता येणार नाही.

महाराष्ट्रातल्या करदात्याला ही अट ओळखीची आहे. पुणे किंवा ठाण्यासारख्या महानगरपालिकांत घरपट्टीविरुद्ध न्यायालयात अपील करायचे तर मागणीची रक्कम आधी भरावी लागते. ही तरतूद ज्या १९४९ च्या मुंबई प्रांतिक कायद्यातून आली, त्याच कायद्याखाली अहमदाबादच्या अनंत मिल्सने तिला आव्हान दिले होते, आणि १९७५ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट वैध ठरवली. अपिलाचा हक्क कायद्याने दिलेला असतो, तेव्हा कायदा त्याला अटीही घालू शकतो, हे त्यामागचे सूत्र होते.

दोन्ही देशांतले हे तर्क मी समजू शकतो, पण ते पुरते पटत नाहीत. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याच्यासाठी ‘आधी भरा’ ही नुसती गैरसोय असते. ज्याच्याजवळ नाही त्याच्यासाठी तो दरवाजाच बंद असतो, आणि संविधानाने त्याला दिलेली सुनावणी त्याच्या बँक खात्यावर अवलंबून राहते. न्यू जर्सीने यातून निदान एक पळवाट ठेवली आहे: अपिलाच्या वेळी पहिल्या तिमाहीचा कर भरलेला असावा लागतो, पण न्यायाच्या हितासाठी मंडळ ती अट शिथिल करू शकते. अशी सोय प्रत्येक राज्याच्या कायद्यात स्पष्ट शब्दांत असायला हवी.

‘शेजारी निम्मा कर भरतो, ही तरी असमानता आहे ना?’

या आक्षेपात दम आहे, पण त्याचे उत्तर दोन निकालांच्या मधोमध सापडते. वेस्ट व्हर्जिनियातल्या वेबस्टर काउंटीची आकारणी अधिकारी जी जमीन नुकतीच विकली गेली तिचे मूल्य विक्रीच्या किमतीवर लावत असे, आणि जी विकली गेली नाही तिचे जुनेच मूल्य किरकोळ वाढवून चालू ठेवत असे. परिणामी एका कोळसा कंपनीच्या जमिनीचे मूल्य शेजारच्या तशाच जमिनींच्या सुमारे ८ ते ३५ पट धरले गेले, आणि त्या गतीने ही तफावत भरून निघायला ५०० हून अधिक वर्षे लागली असती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला सांगितले की इतरांचे मूल्य वाढवून मागा. १९८९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ते नाकारले. जास्त कर भरणाऱ्याने शेजाऱ्यांच्या मागे लागावे अशी अपेक्षा करता येत नाही, त्याचा स्वतःचा कर खाली आला पाहिजे, हे तत्त्व नेब्रास्काच्या एका पुलाच्या खटल्यात १९२३ सालीच मान्य झाले होते.

तीन वर्षांनी कॅलिफोर्नियाचा खटला आला. तिथल्या मतदारांनी १९७८ साली प्रपोझिशन १३ मंजूर केले होते: कर मूल्याच्या १ टक्क्यापर्यंत, मूल्य खरेदीच्या किमतीवर, आणि त्यात वाढ वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के. १९८८ साली लॉस एंजेलिसमध्ये १,७०,००० डॉलरला घर घेतलेल्या नॉर्डलिंगर यांना आढळले की त्या १९७५ पासून तिथे राहणाऱ्या काही शेजाऱ्यांच्या सुमारे पाचपट कर भरत होत्या. सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी ही पद्धत वैध ठरवली.

दोन्हीकडे नवा खरेदीदार जास्त भरतो, मग निकाल उलटे का? वेस्ट व्हर्जिनियाचे स्वतःचे संविधान सर्व मालमत्तांचे मूल्य बाजारभावाने आणि एकसारखे लावायला सांगत होते. अधिकाऱ्याने एकटीनेच वेगळा पायंडा पाडला होता. कॅलिफोर्नियात मात्र लोकांनी खरेदीमूल्याची पद्धत उघडपणे स्वीकारली होती, आणि जुन्या रहिवाशांना वाढत्या करापायी घर सोडावे लागू नये हे कारण न्यायालयाला वाजवी वाटले. म्हणजे राज्याने ठरवलेला नियम असमान असला तरी तो बहुधा टिकतो. नियम एक आणि वागणूक दुसरी असेल तर टिकत नाही. तिथेही १९१८ पासून एक अडसर आहे: आकारणी अधिकारी प्रामाणिकपणे वागला असे गृहीत धरले जाते, त्यामुळे एखाद-दुसरी चूक दाखवून भागत नाही, भेदभाव जाणूनबुजून आणि पद्धतशीर होता असे दाखवावे लागते.

राज्यांचे कायदे ही समानता कशी मोजतात, हे न्यू जर्सीच्या एका हिशेबातून दिसते. समजा, एखाद्या गावात आकारलेली मूल्ये सरासरीने बाजारभावाच्या ८० टक्के आहेत. कायदा दोन्ही बाजूंना या सरासरीच्या १५ टक्के, म्हणजे इथे ८० च्या १५ टक्के किंवा १२, इतकी मोकळीक देतो, म्हणून ६८ ते ९२ टक्के हा पट्टा मान्य. तुमच्या घराचा बाजारभाव ५ लाख डॉलर आणि आकारणी ४ लाख ८० हजार असेल, तर प्रमाण ९६ टक्के होते. पट्टा ओलांडला म्हणून आकारणी ८० टक्क्यांवर, म्हणजे ४ लाखांवर आणली जाते. पण आकारणी ४ लाख ५० हजार असेल तर प्रमाण ९० टक्के होते, आणि तुम्ही सरासरीपेक्षा स्पष्टपणे जास्त भरत असूनही तुम्हाला काहीच मिळत नाही. काठावरच्या माणसाला हे जाचक वाटते, आणि ते खरेही आहे. पण मूल्यांकन हे अंदाजाचेच शास्त्र असल्यामुळे कुठेतरी रेषा आखावी लागते, आणि संविधान या रेषेला आक्षेप घेत नाही. सुनावणीत शेजाऱ्याच्या कराच्या पावत्या दाखवून उपयोग नसतो तोही याच कारणाने. मागच्या वर्षीच्या १ ऑक्टोबरला तुमच्या घराचा बाजारभाव किती होता, हे आसपासच्या ताज्या विक्रींवरून सिद्ध करावे लागते. पुरावा उलटा निघाला तर आकारणी वाढूही शकते, हे लक्षात ठेवूनच अर्ज करावा.

वाट कागदावरच असेल तर

डेट्रॉइटचे उदाहरण मला सर्वांत अस्वस्थ करणारे वाटते. मिशिगनच्या संविधानानुसार आकारणी बाजारभावाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. २००८ नंतर शहरातल्या घरांचे भाव कोसळले, पण आकारणी त्या वेगाने खाली आणली गेली नाही. बर्नाडेट अटुआहेने आणि ख्रिस्टोफर बेरी यांच्या अभ्यासानुसार २०११ ते २०१५ या काळात शहरातल्या सुमारे चारपैकी एका मालमत्तेवर थकीत करापोटी जप्ती आली, आणि त्यांपैकी अंदाजे १० टक्के जप्त्या बेकायदा फुगवलेल्या आकारणीमुळे झाल्या. स्वस्त घरांत हे प्रमाण याहून जास्त होते.

२०१७ साली शहराने कित्येक दशकांनंतर सर्व घरांचे फेरमूल्यांकन केले, पण नोटिसा उशिरा पोचल्या. फेब्रुवारीतील पहिल्या आढाव्याची संधी हुकली, मुदतवाढीची माहिती लोकांपर्यंत नीट पोचली नाही, आणि पहिली पायरी हुकल्यामुळे राज्याच्या कर न्यायाधिकरणाचा रस्ताही बंद झाला, असा आरोप करत घरमालकांनी ड्यू प्रोसेसच्या आधारे सामूहिक दावा केला. २०२२ साली सहाव्या सर्किटच्या (म्हणजे मिशिगनसह काही राज्यांच्या विभागाच्या) फेडरल अपील न्यायालयाने आरोप खरे की खोटे यात न शिरता दावा फेटाळला. राज्यात दाद मागण्याची सोय आहे, तिथे जा, एवढेच त्याचे उत्तर होते. कायद्याच्या चौकटीत हा निकाल बसतो, हे मान्य करावेच लागते. तरी ज्यांची तक्रारच मुळी ‘आम्हाला दाद मागूच दिली नाही’ अशी होती, त्यांना हे उत्तर कसे वाटले असेल याची कल्पना करणे कठीण नाही.

याच्या उलट घडल्याचे एक ठळक उदाहरण शिकागोच्या कुक काउंटीचे आहे. काही करदात्यांचे म्हणणे होते की त्यांच्या मालमत्तांना नियमातला पूर्ण दर लावला गेला, तर इतरांना प्रत्यक्षात त्याहून कमी. इलिनॉयच्या कायद्यातील मर्यादांमुळे हा भेदभाव सिद्ध करणारा पुरावाच राज्याच्या न्यायालयात मांडता येत नव्हता, आणि खुद्द सरकारी पक्षानेही ते मान्य केले. २०२० साली सातव्या सर्किटने ठरवले की असा उपाय १९३७ च्या कायद्यातल्या कसोटीला उतरत नाही, म्हणून फेडरल न्यायालयाचे दार उघडले पाहिजे. एकंदरीत, उपाय महाग असला, संथ असला तरी चालतो. पण ज्यात संविधानाचा मुद्दा सिद्धच करता येत नाही, तो उपाय धरला जात नाही.

नोटीस कुठपर्यंत पाठवायची?

कर थकला आणि घर लिलावाला निघाले की नोटिशीचे नियम कडक होतात. आर्कान्सामधल्या लिटल रॉक शहरात एका घराचा कर तीस वर्षे कर्ज देणारी कंपनी परस्पर भरत होती. कर्ज फिटल्यावर ते थांबले आणि कर थकला. राज्याने मालकाला नोंदणीकृत टपालाने नोटीस पाठवली. ती ‘कोणी नेली नाही’ या शेऱ्यासह परत आली, तरी घर विकले गेले. २००६ साली जोन्स विरुद्ध फ्लॉवर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की पत्र परत आल्याचे कळल्यावर राज्याला गप्प बसता येणार नाही; साध्या टपालाने पाठवा, दारावर चिकटवा, पण व्यवहारात शक्य ते पुढचे पाऊल टाका. आकारणीच्या वार्षिक कार्डाबाबत मात्र इतकी अपेक्षा नसते. ते तुमच्या नोंदीतल्या पत्त्यावर पाठवले की काम झाले, म्हणून घर बदलल्यावर पत्ता कळवणे ही मालकाचीच जबाबदारी ठरते.

२०२३ चा टायलर विरुद्ध हेनेपिन काउंटी हा गाजलेला निकाल पुष्कळदा याच पंक्तीत बसवला जातो. मिनेसोटात एका वृद्धेचे सदनिकेचे सुमारे १५,००० डॉलर थकले होते, काउंटीने सदनिका ४०,००० ला विकली आणि वरचे २५,००० ठेवून घेतले. न्यायालयाने एकमताने ते घटनाबाह्य ठरवले. पण तो निकाल खासगी मालमत्ता मोबदल्याविना घेण्यास मनाई करणाऱ्या तरतुदीखाली दिला गेला. थकबाकीचा आकडा मुळात बरोबर होता का, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हता, आणि आकारणीच्या अपिलात त्याचा थेट आधार मिळत नाही.

राज्याचे संविधान अनेकदा अधिक कामाचे

चौदाव्या दुरुस्तीकडे पाहताना लोक राज्याच्या स्वतःच्या संविधानाकडे दुर्लक्ष करतात. पुष्कळ राज्यांच्या संविधानांत कर एकसारखा असावा अशी स्वतंत्र तरतूद आहे, आणि ती फेडरल कसोटीपेक्षा कडक असू शकते. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली तिच्या आधारे ठरवले की शाळा जिल्ह्याने फक्त व्यापारी मालमत्ता निवडून त्यांचे मूल्य वाढवण्यासाठी अपिले करणे चालणार नाही, मग हेतू वाईट नसला तरीही.

डेलावेअरमध्ये तर संपूर्ण व्यवस्थाच न्यायालयात उभी राहिली. न्यू कॅसल, केंट आणि ससेक्स या तिथल्या तीन काउंट्या अनुक्रमे १९८३, १९८७ आणि १९७४ च्या किमतींवर कर आकारत होत्या. दावा घरमालकांनी नव्हे, तर शाळांना पुरेसा पैसा मिळत नाही म्हणून नागरी हक्क आणि शिक्षण क्षेत्रातील संघटनांनी केला, आणि २०२० साली राज्याच्या चान्सरी न्यायालयाने ही पद्धत कायद्याविरुद्ध व एकसारखेपणाच्या तरतुदीविरुद्ध ठरवली. त्यानंतर तिन्ही ठिकाणी फेरमूल्यांकन झाले. ज्यांच्या वस्त्यांचे भाव चार दशकांत सर्वाधिक वाढले होते त्यांची बिले फुगली, व्यापारी इमारतींच्या तुलनेत घरांवर जास्त भार आला अशी ओरड झाली, आणि न्यू कॅसल काउंटीतील नव्या बिलांवरून २०२५ च्या ऑगस्टमध्ये विधिमंडळाला विशेष अधिवेशन घेऊन घरे व व्यापारी मालमत्ता यांना वेगवेगळे दर लावण्याची मुभा शाळा जिल्ह्यांना द्यावी लागली.